पंचांगात नसलेलं ग्रहण

या वर्षी आषाढातल्या अमावस्येला सूर्यग्रहण आलं आहे, तेही सूर्य उगवायच्या वेळेला. टीव्हीवर सारखं तेच चालू आहे. कोणी काळा चष्मा घालून दाखवतो, कोणी वेध केव्हापासून पाळायचे ते सांगतो. बाहेर झड लागली आहे. दुकानातल्या मिरच्या सादळतील म्हणून मी पोत्यांखाली फळ्या घालून घेतल्या, वरून ताडपत्री ओढली आणि घरी आले. स्वयंपाकघरात सून विळीवर दोडके चिरत बसली होती. तिला आठवा महिना आहे. ती साली टाकायला मागच्या दारी गेली, तेवढ्यात मी विळी उचलली आणि पिठाच्या डब्यामागे सरकवून दिली.

ती परत आली. "आई, इळी कुठं गेली व? आता तं होती."

"मले काय ईचारते? मी काय इळीची राखण करून राह्यली?"

बोथच्या बाजारात माझ्याशी भावावरून वाद घालायच्या आधी निर्मलचे व्यापारीही पाणी पिऊन घेतात. गिऱ्हाईक तेलुगूत 'तग्गिंचु अम्मा, तग्गिंचु' म्हणत कमी करायला लावतं, तेव्हा मी पोत्याचं तोंड बांधायला घेते, आणि ते मुकाट्यानं माझा भाव मान्य करतं. डोक्यावर मिरचीची पाटी घेऊन गावोगाव फिरले, आज बाजारात पक्कं दुकान आहे, आणि ते कोणाच्या मेहेरबानीनं झालेलं नाही. अशी मी, आणि एका विळीला भ्यायले. डब्याच्या पाठीमागून तिचं पातं जरासं दिसत होतं. मी डबा आणखी मागं लोटला.

ही भीती मी जन्माला येताना आणली नव्हती. ती माझ्यात कोणी आणि कोणत्या आषाढात ठेवली, ते मला नीट ठाऊक आहे.

त्या वर्षी शाळा बंद होत्या. वेगळ्या तेलंगणासाठी आंदोलन पेटलं होतं. बोथकडून येणारी बस कधी यायची, कधी वाटेतच अडवली जायची. शेतात ज्वारी वीतभर झाली होती, कपाशीची पऱ्हाटी नुकती जमिनीवर आली होती. माझ्या लग्नानंतरचा तो दुसराच पावसाळा, आणि मी पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझं माहेर पैनगंगेपलीकडे, पांढरकवड्याच्या बाजूला. नदी फुगलेली. भाऊ न्यायला आला तो अलीकडे येऊच शकला नाही. पलीकडच्या काठावरून परत गेला, असं कोणीतरी सांगत आलं. माझ्या आईनं त्याच्याबरोबर तिळाचे लाडू दिले होते म्हणे. ते लाडू मला अजून आठवतात. मी ते पाहिलेसुद्धा नाहीत.

सासरचं अंगण एक आणि चुली दोन. एक माझ्या सासूची. तिला मी आत्याबाई म्हणायची. दुसरी माझ्या चुलतसासूची; तिला सगळा गाव मोठीमाय म्हणायचा. दोघी विधवा, दोघी जिद्दी. त्या एकमेकींशी कधी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकमेकींच्या पुढं जायच्या. आत्याबाईनं सोमवार धरला की मोठीमायनं सोमवार आणि शनिवार दोन्ही धरावे. मोठीमायनं ओटा शेणानं सारवला की आत्याबाईनं रस्त्यापर्यंत सडा टाकावा. त्या घरात सून म्हणून राहणं म्हणजे दोन बैलांच्या मधे उभं राहणं होतं. बैल एकमेकांकडे बघत असतात, पाय तुमच्यावर पडतो.

माझ्या नवऱ्यानं त्याच उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर घेतला होता. संध्याकाळी तो ओट्यावर ठेवला की आळीतली माणसं गोळा व्हायची. नागपूरच्या केंद्रावरून मराठी बातम्या लागायच्या. खरखर एवढी की निम्मं कळायचं आणि निम्मं माझा नवरा स्वतःच्या मनानं सांगायचा. त्यातूनच आम्हाला कळलं की अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरायला निघाली आहेत. रशियानंही आपलं एक यंत्र, माणसाशिवायचं, अमेरिकेच्या आधी चंद्राजवळ पोचवलं आहे आणि ते चंद्राभोवती फिरतं आहे.

"म्हणजे दोघंबी तठीच?" मोठीमायनं विचारलं.

"दोघंबी," नवरा म्हणाला. "कित्येक वरसापासून चढाओढ चालू हाये त्यायची. रशियानं कुत्री पाठवली, तं अमेरिकेनं माकड. यानं माणूस फिरवून आणला, तं त्यानं माणूस पार चांदावर न्यायचं ठरवलं."

"कायले पण?"

"आपण मोठे म्हणून दाखवाले."

माणसं हसली. मोठीमाय हसली नाही. ती वर बघत होती. ढगाच्या फटीतून शुक्लपक्षातली बारीक कोर दिसत होती, आणि खरं सांगते, मलाही ती त्या दिवशी वेगळी वाटली. रोजच्या अंगणातली वस्तू कोणीतरी हात लावून हलवून ठेवावी तशी.

"एकानं चांद धरला की गिऱ्हाण लागते," मोठीमाय हळू म्हणाली. "इथं तं राहू आन् केतू, दोघं संगमंग धरून राह्यले."

ते वाक्य ती मोठ्यानं बोलली असती तर विरून गेलं असतं. ती हळू बोलली म्हणून ते सगळ्यांच्या अंगात शिरलं. ओट्यावरचं हसू थांबलं. मग कोणीतरी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीत उभी होते, पोटावर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी माझा नवरा बोथला जाऊन जोशीबुवांना विचारून आला. ते म्हणाले, पंचांगात ग्रहण नाही. एवढ्यावर गोष्ट मिटायला हवी होती. पण भीतीला नकार चालत नाही. ती त्याचाही उपयोग करून घेते. मोठीमाय म्हणाली, "पंचांगातलं गिऱ्हाण देवाचं. हे माणसाचं हाये. हे पंचांगात कसं असन?" आत्याबाईला हे आपल्याला आधी सुचलं नाही याचं दुःख झालं असावं. तिनं त्याच क्षणी जाहीर केलं, "मंग पाळा लागन. माह्या घरात दोन जिवाची बाई हाये."

आमच्याकडे ग्रहणात पोटुशी बाईला काय काय वर्ज्य असतं ते बायकांना सांगायला नको. चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही मोडायचं नाही, पिळायचं नाही. झोपायचं नाही. खायचं नाही, प्यायचं नाही. नाहीतर लेकराचा ओठ फाटतो, कान तुटतो, बोटं जुळतात. सगळं सोसता येतं, कारण ग्रहण सुटायची वेळ ठरलेली असते. या ग्रहणाला तशी वेळच नव्हती. ते केव्हा लागलं हे रेडिओ सांगत होता. केव्हा सुटणार, हे कोणालाच माहीत नव्हतं.

माणसं चंद्रावर उतरणार असं ज्या संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, त्याच संध्याकाळी मला धान्याच्या खोलीत बसवलं. तिथं ज्वारीच्या कणग्या होत्या आणि हातभर खिडकी होती. आत्याबाईनं खिडकीला बारदाना लावला. मोठीमाय येऊन बघून गेली आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबून गेली. आत्याबाईनं जेवण बंद केलं. मोठीमायनं पाणी बंद केलं. आत्याबाईनं पाय सरळ ठेवून बसायला सांगितलं. मोठीमायनं दारातून सांगितलं, "थुका बी गिळू नोको व, पोरी." दोघींना माझं वाईट करायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. माझ्या पोटातल्याला कोण जास्त जपतं, याची ती चढाओढ होती. जपता जपता दोघी मला विसरल्या.

ओल्या मातीच्या भिंतीचा वास. कणगीच्या शेणाचा वास. वर कौलांवर झडीचा एकसुरी आवाज. कोणीतरी सूप पाखडत बसावं तसा, पण न थांबणारा. अंधारात मी बोटं पसरून बसले होते. मिटली तर जुळतील म्हणून. मी शिकलेली नव्हते. पण अडाणीही नव्हते. माहेरी मी बापाबरोबर बाजार पाहिला होता, खोटं बोलणारा माणूस डोळ्यांवरून ओळखायची. राहू-केतू कोणी पाहिले, असं माझं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं, आणि असलं खरं तर? एवढंच. भीतीला याहून मोठं वाक्य लागत नाही. त्या वाक्यानं मी रात्र काढली.

सकाळ उजाडली ती ओट्यावरच्या ट्रान्झिस्टरनं कळली. माणूस चंद्रावर चालला, अशी बातमी आली. बाहेर गलका झाला. माझा नवरा मोठ्यानं सांगत होता, त्यांचे कपडे कसे, बूट कसे, ते उड्या कशा मारतात. मग कोणीतरी विचारलं, तिथं ते खातात काय? आणि तो म्हणाला, "सारं संगं नेलं हाये. जेवण, पाणी, सारं. पाण्याची तं पक्की सोय हाये म्हंते."

मी ते बंद दाराआड ऐकलं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. चंद्रावर गेलेल्या माणसांना पाणी होतं. चंद्र कुठल्या कुठं, मी बोथजवळच्या एका गावात, बाहेर आभाळातून पाणीच पडत होतं, आणि मला घोटभर नव्हतं. माझ्या रागाचा जन्म कोणी विचारला तर मी तीच सकाळ सांगते. मला पुढं रागीट, तोंडाळ, कजाग, काय काय म्हटलं लोकांनी. म्हणोत.

अलीकडे माझ्या शिकलेल्या मुलीनं मला एक गोष्ट सांगितली. ती माणसं चंद्रावर चालत होती त्या घटकेला चंद्र आपल्याकडच्या आभाळात नव्हताच. मावळून गेला होता, पृथ्वीच्या पलीकडे होता. मी खिडकीला बारदाना लावून ज्याच्यापासून लपले होते, तो तिथं नव्हताच. हे सांगून ती हसली. मला हसू आलं नाही.

दुपारनंतर पोटातलं हलायचं थांबलं.

आधी मला वाटलं, ते झोपलं असेल. मी कूस बदलली. पोटावर टिचकी मारली. सुईण सांगायची की गूळपाणी घेतलं की लेकरू लगेच ढुशी देतं. मी दार वाजवलं. "आत्याबाई, घोटभर पाणी द्या व. पोटातलं हलून नाई राह्यलं."

मग आत्याबाईचा आवाज आला, रडवेला. "देतो व माय, देतो. पण सुटू तं दे."

"कवा सुटन?"

"तेच तं कोणाले ठावं नाई."

"तुळशीचं पान टाकून द्या," मी म्हणाले. "तुळस टाकली की पाण्याले गिऱ्हाण लागत नाई, तुमीच सांगता ना?"

माझ्या आयुष्यातली ती पहिली घासाघीस. आणि ती लागू पडत होती. आत्याबाईची पावलं तुळशीकडे वळलेली मला ऐकू आली. तेवढ्यात मोठीमायचा आवाज आला. "साध्या गिऱ्हाणाले तुळस चालते. हे दोघायचं हाये. दे बापा, तुले द्यायचं असन तं. लेकराले काई झालं तं मले नोको म्हणजो." पावलं थांबली. परत आली. दारापाशी कोणीतरी बसल्याचा आवाज आला. आत्याबाई दाराबाहेर बसून रडत होती आणि मी दाराआत.

त्या दोघींना आता एकच मार्ग दिसत होता. आमच्या भागात पूर्वी ग्रहण सुटायच्या वेळेला गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं घरोघर हाक देत यायची, 'दे दान, सुटे गिऱ्हाण.' घरातून जुनं कापड, सुपातलं धान्य बाहेर यायचं, आणि हाक आली म्हणजे ग्रहण सुटलं, असं घरोघर मानायचे. त्या वस्तीतली माणसं बौद्ध झाली तेव्हापासून ती हाक बंद झाली होती. पंचांगातल्या ग्रहणाला त्यानं काही अडलं नाही. वेळ छापलेली असायची. या ग्रहणाला वेळ नव्हती, तर निदान हाक हवी होती. म्हणून माझ्या नवऱ्याला वाघमारे मास्तरांकडे पाठवलं. मास्तर त्याच वस्तीतले, शाळा बंद म्हणून घरी होते.

नवरा परत आला. दाराबाहेर त्यानं सांगितलेलं मी ऐकलं. "मास्तर नाई म्हंते. म्हंते, आमी ते सोडलं. तुमचं गिऱ्हाण तुमी सोडवा."

"मंग?" आत्याबाई.

"मंग काय."

"एवढंच म्हणले?"

"एवढंच."

दिवेलागण झाली असावी. भिंतीच्या एका भेगेतून कंदिलाचा पिवळा धागा आत आला. मी पोटावर दोन्ही हात ठेवले. आत काही नव्हतं. म्हणजे होतं, पण दगड ठेवावा तसं. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि मला ते शोधायचेही नाहीत. एवढंच सांगते, फाटलेल्या ओठाची भीती तिच्यापुढं पार बारीक झाली. ओठ फाटलेला चालेल, बोटं जुळलेली चालतील, हलू दे. मी वर बसलेल्या दोघांशी, रशियाशी आणि अमेरिकेशी, मनातल्या मनात सौदा करत होते, आणि दोघांपैकी कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं.

मग मी उठले. कणगीला धरून उभी राहिले आणि कोरड्या घशातून जेवढा आवाज निघेल तेवढ्यानं ओरडले:

"दे दान! सुटे गिऱ्हाण!"

मी पुन्हा ओरडले:

"दे दान! सुटे गिऱ्हाण! दे दान!"

घरच्या सुनेनं, कुणब्याच्या सुनेनं, ती हाक द्यावी, हे त्या अंगणात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण रीत ही रीत असते. हाक आली की दान द्यावं लागतं. कडी निघाली. दारात मोठीमाय उभी होती, तिच्या हातात सूप होतं आणि सुपात ज्वारी. ती माझ्याकडे बघत नव्हती. मागणाऱ्याकडे बघत नाहीत तशी, माझ्या पायांकडे बघत होती. पाणी नव्हे, ज्वारी आधी आली.

"ज्वारी नोको," मी म्हणाले. "पाण्याचं दान करा."

आत्याबाई तांब्या घेऊन धावली. मी भिकाऱ्यासारखी ओंजळ धरली आणि तिनं वरून धार धरली. पाणी तोंडात कमी, गळ्यावर जास्त गेलं. मग तिनं गुळाचा खडा दिला. मी भिंतीला टेकून बसले. सगळी माझ्या पोटाकडे बघत होती, जणू तिथून बातमी लागणार होती. नवरा ओट्यावर ट्रान्झिस्टरपाशी उभा होता. तो जवळ आला नाही. त्यानं विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं आतून एक लाथ बसली. बारीक, चिडकी. मी कोणाला सांगितलं नाही. एवढा वेळ मला ताटकळत ठेवलं होतं. त्यांनाही थोडं ताटकळू दे, असं वाटलं.

मोठीमायनं त्या दिवसानंतर माझ्याशी आवाज चढवला नाही. त्याचं कारण तुम्हाला वाटतं ते नाही. चार दिवसांनी बोथहून बातमी आली: रशियाचं यंत्र चंद्रावर आदळून फुटलं, आणि त्याच रात्री अमेरिकेची माणसं तिथून निघाली. मोठीमायनं विचारलं, कोणत्या दिवशी? मी हाक दिली त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर. "एक पडला आन् एक पयाला," ती म्हणाली. गावभर झालं. माझ्या तोंडानं केतू पडला! बायका माझ्याशी जपून बोलायला लागल्या. पुढं मी मिरचीची पाटी डोक्यावर घेतली तेव्हा या गोष्टीचा मला उपयोगच झाला. माझ्या शब्दाला आसपासच्या गावांत लोक बिचकायचे, आणि बिचकणारं गिऱ्हाईक जास्त ताणत नाही. कोणी माझी स्तुती केली म्हणून मी पुढं आले नाही. लोक घाबरले म्हणून आले. मी स्वतः तर सगळ्यांपेक्षा जास्त घाबरलेली होते, हे कोणालाच कळलं नाही.

वाघमारे मास्तर एकदा विहिरीच्या वाटेवर भेटले. मी जरा तोऱ्यात होते, मीच म्हणाले, "मास्तर, तुमी नाई आले, तं मीच हाक देली."

ते थांबले. रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "बाई, ती हाक द्याची आमच्या आज्याले लाज वाटे, पण पोटासाठी द्या लागे. आमी मोठ्या कष्टानं टाकली ते. तुमी उचलली. जीव वाचवाले उचलली, माह्यं काई म्हणणं नाई. पण आता तुमीबी टाकून द्या." मग निघता निघता म्हणाले, "आन् पाणी देलं होतं ना तुमाले? मी तुमच्या मालकाले सांगतलं होतं, घरात दोन जिवाची बाई असन तं पयले तिले पाणी द्या. गिऱ्हाण गेलं खड्ड्यात."

मी घागर तशीच धरून उभी राहिले.

मास्तर 'एवढंच' म्हणाले नव्हते. माझ्या नवऱ्यानं अर्धं सांगितलं होतं. दोन म्हाताऱ्यांसमोर बोलायची हिंमत झाली नाही आणि अर्धा निरोप त्यानं गिळून टाकला. मला थुंकीसुद्धा गिळायला बंदी होती. त्यानं माझं पाणी गिळलं. घरी आल्यावर मी विचारलं. तो म्हणाला, "राह्यलं असन सांगाचं." आणि ट्रान्झिस्टरचे सेल संपले म्हणून बोथला निघून गेला.

बाळंतपणापर्यंतचे दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. पोळ्याच्या सुमाराला मी बाळंत झाले. सुईणीनं लेकरू हातात दिलं तेव्हा मी आधी ओठ पाहिला, मग कान, मग बोटं एकेक करून सोडवून पाहिली. सगळं जागच्या जागी. मुलगी होती. "पाणी पेली म्हणून पोट्टी झाली," असं आळीतल्या कोणीतरी म्हटलं. मी खाटेवरूनच काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्याबाईनं नाव सुचवलं, चंद्रकला. मी म्हणाले, त्याचं नाव या घरात घेऊ नका. मी तिचं नाव गोदा ठेवलं. नदीचं. भरपूर पाणी असलेलं.

गोदा आज निर्मलला शाळेत शिकवते. तिच्या वर्गात चंद्र, पृथ्वी, ग्रहण असा धडा असतो. मुलांना ती अंधारात बॅटरी आणि चेंडू घेऊन ग्रहण करून दाखवते म्हणे. काल तिचा फोन आला. "माय, वहिनीले काई बंद करू नोको हं. सावली हाये ती नुसती."

"मले शिकवू नोको," मी म्हणाले. फोन ठेवला आणि विळी कुठं आहे ते पुन्हा बघून आले.

सावली असते, हे मला कळतं. पण माझी भीती सावलीची कधीच नव्हती. दूर कुठंतरी दोन मोठे कोण पुढं जातो म्हणून धावतात, आणि त्यांच्या धावण्याची किंमत माझ्यासारखी एखादी बाई बंद खोलीत चुकवते, आणि दाराबाहेरचा तिचा माणूस त्यांची खुशाली ऐकत बसतो, याची ती भीती आहे. बाजारात दोन अडते भाव चढवायला लागले की लोकांना मौज वाटते. मी लगेच बघते की मधे उभं कोण आहे.

आज पहाटे मला जाग आली तेव्हा झड थांबली होती. आभाळ मळकट. कोंबडा आरवायचा विसरल्यासारखा गप्प. सुनेच्या खोलीचं दार उघडं होतं, स्टोव्हवर चहा उकळत होता आणि ती भिंतीला टेकून खारी बुडवून खात होती. मी दारात उभी राहिले. तोंडाशी शब्द आले होते, थांब, सुटू दे. माझी आत्याबाई माझ्या घशात येऊन बसली होती. मी ते शब्द दाताखाली धरले.

"आई, चहा घेता?" ती म्हणाली.

"नोको मले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, काल संध्याकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझी मीच पाळत बसले होते, सुनेच्या वाटचं.

ओट्यावर येऊन बसले. पूर्वेला ढग फाटला आणि सूर्य दिसला, बाजूनं कुरतडलेला. मी डोळे खाली केले. उजेड विचित्र होता, कंदिलाची काच काळी झाल्यावर पडतो तसा. माझी बोटं पसरलेली होती. मी मिटली नव्हती.

माझा नवरा आतून आला. आता त्याला नीट ऐकू येत नाही, टीव्ही फार मोठ्यानं लावतो. आज टीव्ही बंद होता. त्याच्या हातात तांब्या होता. तो माझ्याजवळ बसला, तांब्या माझ्यापुढं ठेवला. मी हात लावला नाही. तो सूर्याकडे बघत नव्हता, सुनेच्या दाराकडे बघत होता. सासऱ्यानं सुनेला असं काही विचारायची रीत आमच्यात नाही. म्हणून तो मला म्हणाला, हळू, बहिऱ्या माणसाला जेवढं हळू बोलता येतं तेवढं:

"ईचार बरं तिले. हललं काय?"

मी त्याच्याकडे पाहत राहिले. मग उठून आत गेले. सून म्हणाली, "हललं ना आई. सकायपासून लाथाच मारून राह्यलं." पिठाच्या डब्यामागची विळी काढून मी तिच्यासमोर ठेवली आणि बाहेर आले. तांब्या उचलला, वरूनच घटाघटा प्यायले, अर्धं पाणी गळ्यावर सांडलं.

"हललं," मी म्हणाले. "तवाबी हललं होतं. तुमी ईचारलं नव्हतं."